तीनदा विचारायचं असतं

पा निया लोर फळ्यावर लिहीत होती आणि मला तिथेही माझंच अक्षर दिसत होतं. इंग्रजी 'जी'ची शेपटी खाली नेऊन तिला डावीकडे असा ऐटीत वळसा द्यायचा, हे चौथीत असताना तिला मी शिकवलं होतं. हात धरून. आता तोच वळसा घेऊन ती माझ्या जागेवर उभी होती, आणि माझ्या सहकाऱ्यांना माझ्याच विषयाचं प्रशिक्षण देणार होती. मी तिसऱ्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर. दरवर्षी मी पुढे उभी असते, त्यामुळे त्या खुर्च्या इतक्या टणक आहेत हे मला माहीतच नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी, मुलं यायच्या आधी, आम्हा शिक्षकांना शाळेत डांबून ठेवतात. एक दिवस आगीच्या कवायतीचा, एक दिवस संगणकांचा आणि एक दिवस संस्कृतींचा. म्हणजे वेगवेगळ्या घरांतून येणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या आईबापांशी कसं वागायचं, याचा. सेंट पॉलच्या पूर्व भागातल्या आमच्या शाळेत निम्मी मुलं ह्मोंग, म्हणजे आग्नेय आशियातल्या डोंगरांतून आलेल्या घरांतली, मग सोमाली, ब्रह्मदेशाकडची कारेन, मेक्सिकन, आणि उरलेली आमच्यासारख्या नॉर्वे-स्वीडनवाल्यांची नातवंडं. हा दिवस माझा. मला तो कुणी दिला नव्हता, मी घेतला होता, आणि मग तो माझाच झाला. शाळेत सगळे त्याला 'मार्लिसचा दिवस' म्हणतात. म्हणायचे.

या दिवसाचा कळस म्हणजे माझी गोष्ट, 'न बोलणारी मुलगी'. जेवणाच्या सुट्टीआधी मी ती सांगायची. माझ्या वर्गात एक ह्मोंग मुलगी आली. वर्षभर तिने तोंडातून शब्द काढला नाही. मी रोज विचारायची, "वाचायला आवडेल का तुला?" ती आडवी मान हलवायची. मी म्हणायची, "हरकत नाही हं, राणी." कधी जबरदस्ती केली नाही, कधी आवाज चढवला नाही. आणि मे महिन्यात मी एक दिवस दाताच्या डॉक्टरकडे गेले, दुसऱ्या दिवशी परत आले, तर ती पोरगी उभी राहून घडाघडा वाचत होती! इथे मी थांबायची. हॉलमध्ये नाकं शिंकरल्याचे आवाज यायचे. मग मी मागचा कागद उलगडायची. त्यावर मोठ्या अक्षरांत: विचारा. वाट पाहा. तो कागद आज शाळेतल्या प्रत्येक वर्गात लावलेला आहे. व्यायामशाळेतसुद्धा आहे, दोरीउड्यांच्या खुंटीशेजारी.

ती मुलगी म्हणजे पा निया. मोठी होऊन शिक्षिका झाली आणि आमच्याच शाळेत तिसरीच्या वर्गावर आली. मला केवढा आनंद झाला होता! सगळे मला मार्लिस म्हणतात, ती मात्र अजून 'मोएन बाई', नाहीतर नुसतं 'बाई'च म्हणते. गोष्ट सांगताना मी तिच्याकडे हात करायची, सगळे वळून बघायचे, ती खाली बघून हसायची. मला वाटायचं, लाजतेय.

आणि या वर्षी मे महिन्यात व्हिन्सने माझा दिवस तिला देऊन टाकला.

व्हिन्स पेलेग्रिनो म्हणजे आमचा मुख्याध्यापक. गेल्या वर्षीच न्यू जर्सीहून आलेला. तिकडे म्हणे काही विचारलं की माणसं हो तरी म्हणतात, नाहीतर शिवी तरी देतात. कॉफीच्या यंत्राजवळ मला गाठून म्हणाला, "मार्लिस, ऑगस्टचा संस्कृतीचा दिवस याही वर्षी तुम्हीच घेणार का?"

"छे छे, नको," मी म्हणाले. "दरवर्षी मीच काय! इतकी माणसं आहेत, द्या की दुसऱ्या कुणाला."

आता यावर कोणत्याही शहाण्या माणसाने काय म्हणावं? म्हणावं, "अहो, तुमच्याशिवाय कोण आहे?" मग मी म्हणणार, "नको हो, लोक कंटाळले असतील माझ्या बडबडीला." मग त्याने तिसऱ्यांदा गळ घालायची आणि मी सुस्कारा सोडून म्हणायचं, "बरं, तुमचा इतका आग्रहच असेल तर." आमच्याकडे हे असंच चालतं. माझ्या आईने लग्नाला होकारसुद्धा तिसऱ्या खेपेला दिला होता.

"ठीक आहे," व्हिन्स म्हणाला. "मग पा नियाला विचारतो." आणि कप भरून चालता झाला.

घरी येऊन मी व्हर्लिनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो गवत कापायच्या यंत्राखाली डोकं घालून पडला होता.

"मग हो म्हणायचंस," यंत्राखालून आवाज आला.

"पहिल्याच खेपेला? हावरटासारखं?"

"हं," तो म्हणाला. "तेही खरंच."

आणि तिने? व्हिन्सने विचारलं आणि तिने तिथल्या तिथे हो म्हटलं. एकदासुद्धा 'नको' नाही! हे मला डार्लाने सांगितलं. डार्ला बालवाडीचा वर्ग घेते. तिच्या जिभेला धार आहे, आणि कुणाच्या पोटात काय दुखतंय हे तिला लांबूनच समजतं.

माझ्या पोटात उन्हाळाभर दुखलं. पा नियाच्या आईचा शनिवारच्या बाजारात भाजीचा ठेला असतो. त्या बाईला इंग्रजी फारसं येत नाही. मला बघितलं की न विचारता पिशवीत चार काकड्या जास्त कोंबते. मी नको म्हणेपर्यंत पिशवीला गाठसुद्धा मारून झालेली असते. या उन्हाळ्यात मी तिकडे फिरकलेच नाही. काकड्या दुकानातून आणल्या. पाण्यासारख्या लागल्या.

मला वाटत होतं, ती पोरगी एक दिवस तरी येईल. "बाई, तुमचे कागद देता का, मला काही सुचत नाहीये," म्हणेल. मी काही तिला तीनदा विचारायला लावणार नव्हते, दुसऱ्याच खेपेला दिले असते. आली नाही. मग मला काय हवं होतं ते सरळच सांगते. मला माझा दिवस परत हवा होता. तिचा दिवस फसावा, जेवणाआधीच लोकांनी घड्याळाकडे बघायला लागावं, आणि व्हिन्सने पुढच्या वर्षी नाक मुठीत धरून माझ्याकडे यावं.

दरवर्षी त्या दिवशी रुबार्बच्या, म्हणजे आमच्याकडच्या त्या लाल आंबट देठांच्या, वड्या मी भाजून आणते. या वर्षी मुद्दाम आणल्या नाहीत. म्हटलं, घडू दे उपास. तर सकाळी मागच्या टेबलावर पत्र्याचा मोठा ट्रे भरून वड्या. पा नियाने आणल्या होत्या. मी एक खाल्ली. नावं ठेवायला काहीतरी हवं म्हणूनच खाल्ली. खालचा थर खुसखुशीत, वर रुबार्ब नेमका आंबट. माझा खालचा थर नेहमी मऊ पडतो. आणखी एक खाऊन बघावी लागली.

"बऱ्या झाल्यात गं," डार्ला म्हणाली.

"लोणी जास्त घातलंय," मी म्हणाले.

"म्हणूनच बऱ्या झाल्यात."

तेवढ्यात पा निया माझ्याजवळ आली. नवा निळा झगा, केस वर बांधलेले. "बाई," ती हळूच म्हणाली, "आज मी तुमची गोष्ट सांगणार आहे. न बोलणाऱ्या मुलीची. चालेल ना?"

"अगं, न चालायला काय झालं!" मी म्हणाले. "तुझीच तर गोष्ट."

म्हणजे शेवटी आठवण झाली तर! माझ्या मनात मांडे भाजायला सुरुवात झाली. त्या मुलीच्याच तोंडून सगळ्यांसमोर माझं नाव येणार. व्हिन्सला कळेल की त्याने कुणाला बाजूला बसवलंय. मी जाऊन मुद्दाम कडेची खुर्ची धरली, म्हणजे सगळे वळून बघतील तेव्हा मी नीट दिसेन.

पहिला तास मी तिच्या चुका शोधण्यात घालवला. तिने एकही चित्र दाखवलं नाही. ह्मोंग मुलांच्या डोक्याला हात लावू नका, सोमाली घरात गेल्यावर बूट काढा, हे मी दरवर्षी सांगते ते काही नाही. लोकांना जोड्यांनी बसवलं आणि सांगितलं, तुमच्या घरी पाहुणा आला की काय काय होतं ते एकमेकांना सांगा. हे काय प्रशिक्षण आहे? पण लोक बोलायला लागले ते थांबेचनात. गस, आमचा व्यायामाचा शिक्षक, माझ्या दिवशी दरवर्षी डुलक्या काढतो. तो हातवारे करून करून त्याच्या आत्याबद्दल सांगत होता.

कॉफीच्या सुट्टीनंतर तिने तो वड्यांचा ट्रे उचलून पुढे आणला आणि सगळ्यांना दिसेल असा तिरका धरला. त्यात एकच तुकडा उरला होता. वडीचा अर्धा, त्याचा अर्धा, आणि कुणीतरी सुरीने त्याचाही कोपरा कापून नेलेला. काडेपेटीच्या काडीएवढा.

"हा कुणाचा?" पा नियाने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मी सकाळपासून बघतेय. एकामागून एक येतोय, हा तुकडा अर्धा कापतोय, आणि अर्धा ठेवून जातोय. संपवत का नाही कुणी?"

हॉलमध्ये खसखस पिकली.

"शेवटचा घ्यायचा नसतो," गस म्हणाला. त्यातल्या निम्म्या वड्या त्याच्याच पोटात होत्या.

"कुठे लिहिलंय असं?"

"लिहायला कशाला पाहिजे? आईने पाठीत धपाटा घालून शिकवलंय."

"मग मी खाऊ का?" पुढच्या ओळीतून व्हिन्सने विचारलं.

"खा की!" सगळे एका सुरात म्हणाले, आणि इतक्या गोड आवाजात म्हणाले की त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

मग काय विचारता! न लिहिलेलं अजून काय काय आहे, असं तिने विचारलं आणि लोक हात वर न करताच ओरडायला लागले. निघतो म्हटल्यावर दारात अर्धा तास बोलायचं. नाकाचं टोक गोठलं तरी थंडी 'बरी आहे' म्हणायचं. बर्फ साफ करून देणाऱ्या शेजाऱ्याला आभार मानायचे नाहीत, गुपचूप त्याच्या दारात वड्या ठेवून यायच्या.

"आणि कुणी काही देऊ केलं तर तीनदा विचारायला लावायचं," डार्ला म्हणाली. "पहिलं नको म्हणजे शिष्टाचार. दुसरं नको म्हणजे, आग्रह करा की. तिसऱ्यांदा घ्यायचं, आणि घेताना म्हणायचं, अगदी थोडं हं."

लोक पोट धरून हसले. पा नियाने ते फळ्यावर लिहिलं, माझ्या अक्षरात.

"बघा," ती म्हणाली, "आजवर या दिवशी आपण ह्मोंग लोक असं करतात, सोमाली लोक तसं करतात हे शिकलो. चालीरीती सगळ्या आमच्याकडे. तुम्ही म्हणजे नुसती साधी माणसं."

पुन्हा हशा. माझ्या दिवशी लोक रडायचे. चांगले रुमाल भिजवून रडायचे. पण हसले कधी नव्हते, आणि असे एकमेकांच्या खांद्यावर हात मारून तर कधीच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. त्यात मलाही हसू येत होतं, याचा राग वेगळाच.

"थांबा, थांबा," व्हिन्स उठून उभा राहिला. "म्हणजे मी विचारतो, समोरचा नको म्हणतो, मी बरं म्हणून निघून जातो, तेव्हा ते..."

"तेव्हा तुम्ही त्याच्या तोंडावर दार आपटता," डार्ला म्हणाली आणि छताकडे बघत बसली.

व्हिन्सची मान सावकाश माझ्याकडे वळली. माझे कान तापले. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. रुमाल हातातच होता.

"आता न बोलणाऱ्या मुलीची गोष्ट," पा निया म्हणाली. सगळे माझ्याकडे वळले. मी ताठ बसले, केस सारखे केले. "तुम्हाला ती पाठ आहे. मी फक्त त्या मुलीच्या बाजूने सांगते.

"घरी आम्ही सात भावंडं. आमची आई विचारत नाही. तांदूळ धू म्हणते, जेव म्हणते, झोप म्हणते. आमच्या घरी मोठं माणूस सांगतं आणि लहानांनी करायचं, आणि त्यातच माया असते. शाळेत बाई मला विचारायच्या, वाचायला आवडेल का. मला कळायचंच नाही. एवढं मोठं माणूस लहान पोरीला विचारतं कशाला? मला वाटायचं, यांच्या मनात नसणार, म्हणून विचारतात. मी मान हलवायची. त्यांना बरं वाटावं म्हणून."

हसायचं की काय, ते कुणाला कळेना.

"तेही चाललं असतं. पण माझ्या शेजारी कर्ट लिंडग्रेन नावाचा मुलगा बसायचा. बाई त्याला विचारायच्या, वाचतोस का? तो म्हणायचा, नको. बाई म्हणायच्या, अरे वाच की. तो म्हणायचा, नको. मग बाई म्हणायच्या, चल रे, तुझा आवाज किती छान आहे. मग तो उठायचा. रोज हेच. सगळ्यांना तीनदा, मला एकदा. 'हरकत नाही हं, राणी,' आणि बाई पुढच्या बाकाकडे. मी वर्षभर मोजत होते. त्या कर्टचा मला इतका हेवा वाटायचा की मी एकदा त्याची पेन्सिल खिडकीबाहेर फेकली."

माझा ताठ कणा कुठे गेला मला कळलं नाही. कर्टची पेन्सिल मला आठवत होती. मीच त्याला नवी दिली होती.

एकदाच का विचारायची, तेही मला चांगलं आठवतं. त्या वर्षी पहिल्यांदाच आम्हाला असल्या एका प्रशिक्षणाला बसवलं होतं आणि सांगितलं होतं, या मुलांवर दबाव आणू नका. मी ते मनापासून पाळलं. आमच्या पोरांना आग्रह केला, हिला सवलत दिली. आणि त्या सवलतीची गोष्ट करून वर्षानुवर्षं लोकांना रडवलं.

"मग मे महिन्यात बाईंचा दात दुखला," पा निया सांगत होती. "एका दिवसापुरते झुपान नावाचे बदली मास्तर आले. उत्तरेकडच्या खाणीच्या गावातले, सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. आवाज करवतीसारखा. त्यांना माझ्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. हजेरीतलं नाव बघितलं आणि म्हणाले, 'लोर. ऊठ. वाच.' मी उठले आणि वाचलं. वाचायला मला नाताळाच्या आधीपासूनच येत होतं."

गसने भिंतीकडे बघितलं, मग पटकन नजर काढून घेतली. भिंतीवर माझा कागद होता. विचारा. वाट पाहा.

रुडी झुपान! तो माणूस मला आठवत होता. टेबलावर लाकडाचा भुसा सांडून गेला होता. वारून किती वर्षं झाली त्याला, आणि मी तिथे बसून त्या मेलेल्या माणसावर जळत होते. वर्षभर नांगरायचं मी आणि एका दिवसात पीक नेलं त्याने. मला उठून निघून जावंसं वाटलं. पर्सचा पट्टा खांद्याला अडकवलासुद्धा.

आणि तेव्हा ते कॉफीचं यंत्र डोळ्यांसमोर आलं. मे महिन्यापासून मी तरी दुसरं काय करत होते? मला एकदाच विचारलं, एकदाच विचारलं, हेच घोकत बसले होते. नऊ वर्षांची पोर तेच मोजत बसली होती, आणि बोलायची सोयही नव्हती तिला. मला निदान व्हर्लिन होता, डार्ला होती. मी पट्टा खांद्यावरून काढला.

"बाई शाळेत सगळ्यांत प्रेमळ होत्या," पा निया म्हणाली. ती आता माझ्याकडे बघत होती. "माझं हे अक्षर त्यांचं आहे. जेवणानंतर घरभेटींचं सत्र आहे. कुणाच्या दारात कसं उभं राहायचं, आत बोलावलं तर काय करायचं. ते मला जमत नाही. ह्मोंग घरांत मी मुलगी म्हणून जाते आणि लगेच भांडी घासायला लागते. बाईंना सगळ्या घरांत चहा मिळतो. बाई, तुम्ही घ्याल ते सत्र?"

मेली सवय!

"नको गं," माझ्या तोंडातून निघून गेलं. "तुझं चाललंय की छान."

बोलले आणि जीभ चावली. हात दाखवून अवलक्षण, तेही दुसऱ्यांदा.

"ठीक आहे," व्हिन्स म्हणाला, "मग आपण ते सत्र..."

"थांबा व्हिन्स," पा नियाने हात वर केला. "अजून दोनदा राहिलंय."

हॉल फुटला. गस तर खुर्चीवरून पडायचा राहिला. व्हिन्सने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी हसले नाही.

"घ्या ना बाई," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय कोण आहे?"

"लोक कंटाळलेत माझ्या बडबडीला," मी म्हणाले. हे वाक्य मी जन्मभर शिष्टाचार म्हणून म्हणत आले होते. त्या दिवशी ते खरं होतं, आणि म्हणताना माझा आवाज फाटला. हसू थांबलं.

तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. खुर्च्यांच्या मधून चालत आली, माझ्या शेजारी उभी राहिली, आणि तिची आई पिशवीला गाठ मारते तशी ठाम म्हणाली, "मोएन बाई. उठा. बोला."

मी उठले. गुडघा कुरकुरला, सगळ्यांना ऐकू गेलं असेल. पुढच्या टेबलापाशी आले तर ट्रेमधला तो तुकडा अजून तिथेच होता. मी तो उचलला आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकला.

"अगं बाई!" डार्ला म्हणाली.

पा निया माझ्या मागोमाग आली होती. खडू माझ्या हातात देऊन ती कडेच्या खुर्चीकडे निघाली. माझ्याच खुर्चीकडे.

"लोणी जास्त झालंय वड्यांत," मी तिला म्हणाले. "माझ्याकडून कृती घेऊन जा."

हे मी खोटंच बोलले होते. तिच्या वड्या माझ्यापेक्षा चांगल्या झाल्या होत्या, आणि ते तिलाही माहीत होतं.

"नको," ती म्हणाली.

म्हणाली आणि तिथेच थांबली. खाली बघत, ओठ मिटून. चौथीतल्या त्या बाकावर बसायची तशीच. 'हरकत नाही हं' माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"अगं, घेऊन जा की," मी म्हणाले.

"नको."

"चल गं," मी म्हणाले, "तुझा हात किती छान आहे."

तिने नुसती मान हलवली, या वेळी वरून खाली.